जपानी भाषेचा यांत्रिक पंतोजी

परकी भाषा शिकावयाची म्हणजे एक तर आपण त्या देशास जावें, किंवा त्या देशांतला कोणी माणूस आपल्या गांवीं यावा, असा पूर्वीचा रिवाज होता. आतां तो राहिला नाहीं. हातांतल्या मोबाइलवर बोट ठेवलें कीं एक मंजुळ आवाज 'ओहायो गोझाइमासु' म्हणून प्रातःकाळचें अभिवादन करतो. पडद्यावर चार चौकोन उमटतात. त्यांतला योग्य तो दाबला कीं घंटी वाजते आणि शाबासकी मिळते. हा पंतोजी पहांटे पांच वाजतां हजर असतो आणि रात्रीं बारा वाजतांहि हजर असतो. तो छडी उगारीत नाहीं, आणि एकच शब्द शंभर वेळां विचारला तरी कपाळाला आठी पाडीत नाहीं. ज्यांनीं खडू हातांत घेऊन आयुष्य घालविलें, त्या आम्हां मंडळींना या शेवटच्या गुणाचा तर हेवाच वाटावा.

अशा या यांत्रिक पंतोजीची, म्हणजे जपानी शिकविणाऱ्या सॉफ्टवेअरची, खरी योग्यता किती, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा नाहीं. जपाननें एप्रिल २०१९ पासून 'विशिष्ट कुशल कामगार' असा एक नवा वर्ग निर्माण करून वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, उपाहारगृहें इत्यादि क्षेत्रें परदेशी माणसांना खुलीं केलीं. भारताशीं त्याविषयींचें सहकार्यपत्र जानेवारी २०२१ मध्यें झालें. या वाटेनें जाणाऱ्यास सामान्यतः त्या त्या कामाच्या परीक्षेबरोबर जपानी भाषेचीहि परीक्षा द्यावी लागते. त्यामुळें पुण्यामुंबईस जपानी शिकणाऱ्यांत विरंगुळ्यासाठीं शिकणारे आहेत तसे पोटासाठीं शिकणारेहि आहेत. शिकवणीची फी परवडत नाहीं, नोकरीमुळें वर्गाची वेळ जमत नाहीं, म्हणून यांतले पुष्कळ जण सर्वस्वीं या यंत्रावरच भिस्त ठेवतात. ती कोठवर ठेवावी हें त्यांना वेळींच कळलें पाहिजे.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. स्मरणाच्या कामीं यंत्रासारखा नोकर नाहीं. भाषेची घडण समजून घेण्याच्या कामीं मात्र आपली मराठी त्याच्यापेक्षां जवळची वाट दाखविते. आणि ती भाषा जिवंत माणसापुढें वापरण्याची तयारी माणसांतच होते. हे तीन मुद्दे क्रमानें मांडतों.

प्रथम स्मरणाविषयीं. जपानी लेखनांत तीन लिप्या एकत्र नांदतात. हिरागाना व काताकाना या दोन अक्षरमाला. प्रत्येकींत शेहेचाळीस मूळ अक्षरें. पहिली देशी शब्दांना व प्रत्ययांना, दुसरी मुख्यत्वेंकरून परदेशांतून आलेल्या शब्दांना. आपण 'टेबल' हा शब्द इतर शब्दांसारखाच लिहून टाकतों. जपानी भाषा अशा पाहुण्याला निराळा पोशाख चढविते. या दोन माला मन लावून बसल्यास पंधरवड्यांत येतात. तिसरी लिपि म्हणजे मात्र समुद्र आहे. चीनमधून आलेल्या या अर्थवाहक अक्षरांना 'कांजी' म्हणतात. नित्य व्यवहारासाठीं सरकारनें ठरविलेल्या यादींत, २०१० सालच्या सुधारणेनंतर, अशीं २१३६ अक्षरें आहेत. त्यांपैकीं १०२६ अक्षरें जपानी मुलें प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. बाकीचीं पुढें माध्यमिक शाळेंत. सहा महिन्यांत जपानी शिकविण्याच्या जाहिराती वाचतांना ही गोष्ट लक्षांत ठेवावी.

बरें, एका अक्षराचा एकच उच्चार असता तरी निभावलें असतें. 'जीवन' या अर्थाचें एक साधें, पांच रेघांचें अक्षर घ्या. 'सेन्सेइ' म्हणजे गुरुजी. त्या शब्दांत तें 'सेइ' असें उच्चारलें जातें. 'इश्शो' म्हणजे जन्मभर. तेथें तें 'शो' होतें. 'इकिरु' म्हणजे जगणें. तेथें त्याचा उच्चार नुसता 'इ'. 'उमारेरु' म्हणजे जन्मास येणें, तेथें 'उ'. आणि न शिजविलेल्या पदार्थाला 'नामा' म्हणतात, तेथें तेंच अक्षर 'नामा' होतें. हे सर्व उच्चार नियमानें सिद्ध होत नाहींत. ते शब्दागणिक पाठच करावे लागतात.

एवढा माल डोक्यांत सांठवावयाचा म्हणजे विसरण्याशीं झुंज आली. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानें निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून, त्या किती वेगानें विसरतात याचें मोजमाप घेतलें आणि तें १८८५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. विसरणें आरंभीं झपाट्यानें होतें व पुढें मंदावतें, आणि एकाच बैठकींत केलेल्या घोकंपट्टीपेक्षां दिवसांच्या अंतरानें केलेली उजळणी कमी श्रमांत अधिक टिकते, हें त्याला आढळून आलें. रोज संध्याकाळीं पाढे म्हणवून घेणाऱ्या जुन्या पंतोजींनाहि हें अनुभवानें ठाऊक होतें. परंतु चाळीस मुलांपैकीं कोणाच्या स्मरणांतून कोणता शब्द कोणत्या दिवशीं निसटणार, याची नोंद ठेवणें माणसाच्या आवांक्यांतलें नव्हतें. ती नोंद यंत्र ठेवूं शकतें.

पोलंडमधील प्योत्र वोझ्नियाक यानें १९८७ सालीं संगणकावर ही युक्ति बसविली. तिच्या एका प्रसिद्ध रूपांतला हिशोब श्रोत्यांना सहज समजेल. नवा शब्द दुसऱ्या दिवशीं पुन्हां विचारावयाचा. आठवला तर पुढची पाळी सहा दिवसांनीं. त्यानंतर प्रत्येक वेळीं मागील अंतराची अडीचपट. म्हणजे एक, सहा, पंधरा, सुमारें अडतीस आणि सुमारें पंचाण्णव दिवस. शब्द आठवला नाहीं तर त्याची गणना पुन्हां पहिल्यापासून. याच तत्त्वावर डेमियन एल्म्स यानें २००६ सालीं 'आंकी' नांवाचें सॉफ्टवेअर लोकांपुढें ठेवलें. तो स्वतः जपानी शिकत होता, आणि 'आंकी' या जपानी शब्दाचा अर्थच मुखोद्गत करणें असा आहे. संगणकावर तें फुकट मिळतें. अन्य अनेक ॲप्समध्येंहि हेंच तत्त्व थोड्याफार फरकानें वापरलेलें आढळतें. या कामीं यंत्राचा हात धरील असा माणूस नाहीं, हें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे.

तथापि याच हिशोबांत एक खांचखळगा आहे आणि त्यांत पुष्कळ उत्साही विद्यार्थी पडतात. समजा, एखाद्यानें रोज वीस नवे शब्द घेण्याचा संकल्प सोडला. वर सांगितलेल्या अंतरांनीं प्रत्येक शब्द पहिल्या एकशें पंचावन्न दिवसांत पांच वेळां परत येतो. म्हणजे पांच महिन्यांनंतर रोजच्या वीस नव्या शब्दांखेरीज शंभर जुने शब्द दारांत उभे राहतात. आणि हें एकहि शब्द विसरला नाहीं असें धरून! घरांत लग्नकार्य निघालें, आठवडाभर मोबाइल उघडला नाहीं, कीं सातशें शब्द सावकारासारखे वाट पाहत बसतात. तो आंकडा पाहून विद्यार्थी धास्तावतो आणि अभ्यासच सोडून देतो. दोष यंत्राचा नाहीं. त्याला आपल्या घरचें लग्न ठाऊक नसतें. म्हणून आरंभापासून आठच शब्द घ्यावे. रोजची उजळणी चाळिसाच्या आसपास राहते, आणि वर्षअखेर सुमारें २९०० शब्दांशीं ओळख होते. सावकाश वाटणारा हा मार्ग शेवटास नेणारा आहे.

दुसरी सावधगिरी 'ओळखणें' आणि 'आठवणें' यांतल्या भेदाविषयींची आहे. चार उत्तरें पुढें मांडलीं असतां त्यांतलें बरोबर तें दाखविणें निराळें, आणि कोऱ्या कागदासमोर बसून तें उत्पन्न करणें निराळें. रस्त्यांत भेटलेला चेहरा आपण ओळखतों. म्हणून तो चेहरा आपल्याला काढतां येतो असें नाहीं. शब्दांचे तयार ठोकळे सरकवून वाक्य जुळविण्याचा जो खेळ बहुतेक ॲप्समध्यें असतो, त्यांत प्रत्यय, क्रियापद, सर्व कांहीं समोर वाढून ठेवलेलें असतें. विद्यार्थ्यानें फक्त क्रम लावावयाचा. महिनोन् महिने असा खेळ खेळून, अखंड हजेरीची बक्षिसें मिळवूनहि, स्वतःचें नांव-गांव-काम सांगणारीं चार वाक्यें न अडखळतां बोलतां येत नाहींत, असें घडूं शकतें. म्हणून यंत्रावर शब्द आला कीं उत्तर उघडण्यापूर्वीं तो मोठ्यानें म्हणावा आणि कांजी असेल तर वहींत हातानें लिहावी. बोटाला रेघांचा क्रम कळला कीं डोळ्याची फसगत कमी होते.

आतां दुसरा मुद्दा. जपानी शिकविणारीं बहुतेक सॉफ्टवेअरें इंग्रजी जाणणाऱ्यांसाठीं रचलेलीं आहेत. त्यांतील व्याकरणाच्या टिपा इंग्रजी भाषेच्या अडचणी डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेल्या असतात. आपला मराठी विद्यार्थी त्या वाचतो आणि ज्या अडचणी त्याच्या वाटेवर नाहींतच त्याहि निष्ठेनें पार करीत बसतो. नाशिकहून पुण्यास निघालेल्या माणसानें मुंबईस वळसा घालावा, तसा हा प्रकार आहे.

जपानी अक्षरमालेचा क्रम ऐका. स्वर 'अ, इ, उ, ए, ओ'. पुढें ओळी 'क, स, त, न, ह, म, य, र, व'. 'च'वर्गाच्या जागीं 'स' आणि 'प'वर्गाच्या जागीं 'ह' आहे, एवढा फरक सोडला तर ही आपली बाराखडीच! हा योगायोग नव्हे. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत वर्णविचार चीनमार्गे जपानांत गेला. कूकाइ हा थोर भिक्षु ८०६ सालीं चीनहून परतला, तेव्हां त्यानें 'सिद्धम्' लिपींतले ग्रंथ बरोबर आणले. त्या लिपीचा अभ्यास करणाऱ्या भिक्षूंच्या परंपरेंतच जपानी अक्षरांना हा क्रम मिळाला. 'ह'च्या ओळीचा प्राचीन उच्चार 'प'सारखा होता, म्हणूनच ती 'म'च्या आधीं बसली. आजहि जपानी शब्दकोश याच क्रमानें लावलेले असतात. इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्याला हा क्रम नव्यानें पाठ करावा लागतो. आपल्या मुलाला तो पहिल्या इयत्तेंतच मिळालेला आहे. फक्त त्याला कोणी तें सांगितलेलें नसतें.

उच्चारांची गोष्टहि तशीच. 'त्सुनामी' शब्दाच्या आरंभींचा जो वर्ण इंग्रजी जिभेला जड जातो, तो 'चूल', 'चूक' या आपल्या शब्दांतल्या 'च'चाच सख्खा भाऊ आहे. 'न्' या स्वतंत्र जपानी अक्षराचा उच्चार पुढील वर्णाप्रमाणें पालटतो, यावर इंग्रजी पुस्तकांत नियमांची यादी असते. मराठी माणसाला एवढेंच सांगावें कीं हा आपला अनुस्वार. 'शिंबुन' म्हणजे वर्तमानपत्र; त्यांतला अनुस्वार आपण 'शिंपी'मधल्यासारखाच आपोआप म्हणतों. 'किते' म्हणजे येऊन आणि 'कित्ते' म्हणजे टपालाचें तिकीट. हा भेद जोडाक्षरांवर वाढलेल्या कानाला चटकन् कळतो.

आणि वाक्यरचना! 'वाताशि वा तोमोदाचि तो एकि दे ओचा ओ नोमिमासु.' शब्दाखालीं शब्द ठेवून पाहा: मी, मित्राबरोबर, स्टेशनवर, चहा, पितों. कर्ता आधीं, क्रियापद शेवटीं, आणि संबंध दाखविणारे शब्द नामाच्या मागून. क्रम जसाच्या तसा. इंग्रजींतून जाणाऱ्याला हें वाक्य शेवटाकडून आरंभाकडे उलटें करून घ्यावें लागतें. चहा तर शब्दानेंहि आपला सोयरा. दोन्ही भाषांना तो चीनकडून मिळाला.

याहून मोठें नवल क्रियापदांच्या जोड्यांत आहे. जपानी क्रियापदाचें 'ते'नें संपणारें एक रूप असतें. त्याचे उपयोग इंग्रजी टिपांतून शिकतांना विद्यार्थी मेटाकुटीस येतो. मराठींत त्याचें नांव 'ऊन' प्रत्यय. 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणें. 'मोत्ते इकु' म्हणजे घेऊन जाणें. 'मिरु' म्हणजे पाहणें, आणि 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन पाहणें. प्रयत्न करून बघण्याचा अर्थ दोन्हीकडे 'पाहणें' याच क्रियापदानें व्यक्त होतो. 'ओकु' म्हणजे ठेवणें, आणि 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणें. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणें. पुष्कळदां त्यांत 'खाऊं नये तें खाऊन बसलों' अशी चुटपुटहि असते. जी गोष्ट इंग्रजींत अर्धा पान घेते, ती मराठींत दोन शब्दांत समजते. म्हणून यंत्रांत शब्द भरतांना त्याच्या पाठीवर इंग्रजी अर्थाऐवजीं मराठी अर्थ स्वतःच्या हातानें लिहावा. 'आंकी'सारख्या सॉफ्टवेअरमध्यें तशी पूर्ण मोकळीक आहे. देवनागरींत लिहिलें तरी त्याची तक्रार नसते.

तथापि आपल्या भाषेचा हात धरतांनाहि डोळे उघडे असावे, कारण कांहीं ठिकाणीं ती चकवा देते. मराठींत स्वराच्या लांबीवर शब्दाचा अर्थ क्वचितच अवलंबून असतो, म्हणून बोलतांना आपण लांबीविषयीं बेफिकीर असतों. जपानींत 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा आत्या, आणि मधला 'बा' दुप्पट लांबविला कीं 'ओबाऽसान' म्हणजे आजी. तिशीपस्तिशीच्या बाईला आजीबाई म्हणून हांक मारण्याचा प्रसंग एका मात्रेच्या हलगर्जीनें ओढवतो. तसाच सुरांचा चढउतार: टोकियोच्या बोलींत 'हाशि' हा शब्द वरून खालीं आला तर जेवणाच्या काड्या, आणि खालून वर गेला तर पूल. येथें यंत्र पुन्हां उपयोगी पडतें. त्यानें ऐकविलेला शब्द थांबवून, आपला आवाज मुद्रित करून, दोन्ही शेजारीं शेजारीं ऐकावे. स्वतःचा कान हा मग स्वतःचा परीक्षक होतो.

आणखी एक चकवा आदरार्थाचा आहे. आपण परक्यापुढें आपल्या वडिलांविषयीं 'बाबा आले आहेत' असें बहुमानानें बोलतों. तसें न बोलणें हें आपल्याकडे असंस्कृतपणाचें लक्षण. जपानींत परक्यापुढें आपल्या घरच्या माणसाचा उल्लेख विनयानें, खालच्या पायरीवरून करावयाचा असतो. दुसऱ्याचे वडील ते 'ओतोसान', पण परक्यापुढें आपले वडील ते 'चिचि'. इतकेंच नव्हे, तर कचेरींतल्या कारकुनानें बाहेरच्या माणसाशीं बोलतांना आपल्या मुख्य साहेबाचाहि उल्लेख आदरार्थी रूपें गाळून करावा, असा संकेत आहे. आदर कोणाला द्यावयाचा हें तेथें केवळ वयावर व हुद्द्यावर ठरत नाहीं. कोण आंतला आणि कोण बाहेरचा, यावरहि ठरतें.

येथून मी तिसऱ्या मुद्द्यावर येतों. जपानी वाक्याचें क्रियापद निवडतांनाच, मी कोणाशीं बोलतों आहें, या प्रश्नाचें उत्तर द्यावें लागतें. 'खाणें' या साध्या क्रियेला मित्राशीं 'ताबेरु', अनोळखी माणसाशीं 'ताबेमासु', वडीलधाऱ्याच्या खाण्याविषयीं 'मेशिआगारु' आणि स्वतःच्या खाण्याविषयीं नम्रपणें 'इतादाकु' अशीं निरनिराळीं रूपें आहेत. यंत्र हीं सर्व रूपें पाठ करून घेईल. परंतु यंत्रासमोर बसलेल्या विद्यार्थ्यापुढें ना मित्र असतो, ना साहेब, ना म्हातारी आजी. चुकीचें रूप वापरलें तर तांबडी खूण उमटते. कोणाचा चेहरा उतरत नाहीं. आणि चेहरा उतरलेला पाहिल्यावांचून हा धडा अंगीं मुरत नाहीं.

संभाषणाची दुसरी अर्धी बाजू ऐकण्याची. जपानी माणूस बोलूं लागला कीं ऐकणाऱ्यानें मधून मधून 'हाइ', 'ए', 'नारुहोदो' असा प्रतिसाद देत राहावें, अशी अपेक्षा असते. त्याला 'आइझुचि' म्हणतात. गोष्ट सांगणाऱ्या आजीला आपल्याकडे हुंकार लागतो, तसाच हा प्रकार. 'हाइ' म्हणजे 'होय' असें सॉफ्टवेअर शिकवितें. पण या जागीं त्याचा अर्थ 'ऐकतों आहें' एवढाच असतो, आणि त्याला संमति समजणारा व्यवहारांत फसतो. त्याचप्रमाणें 'चोत्तो' या शब्दाचा अर्थ 'किंचित्' असा कोशांत सांपडेल. परंतु आमंत्रणाच्या उत्तरादाखल कोणी 'चोत्तो…' म्हणून वाक्य अर्धवट सोडलें, तर तो स्वच्छ नकार समजावा. ही अर्धवट सोडलेली जागा कोणत्या चौकोनांत बसवावयाची?

येथें एक आक्षेप संभवतो. अलीकडे माणसासारखें बोलणारीं, चुका सुधारणारीं, हवें तें सोंग घेणारीं कृत्रिम बुद्धीचीं यंत्रेंहि निघालीं आहेत. मग माणसाची गरज काय? या यंत्रांचा एक मोठा उपकार मी मान्य करतों. जो विद्यार्थी लाजेनें चार माणसांत तोंड उघडीत नाहीं, तो यंत्राशीं निर्धास्त बोलतो, आणि जिभेला वळण लागतें. परंतु हीं यंत्रें क्वचित् चुकीचा नियमहि ठाम स्वरांत सांगतात, आणि नवशिक्याला तो पारखतां येत नाहीं. शिवाय समोरच्याला आपलें बोलणें कसें लागेल, ही जी काळजी माणसाशीं बोलतांना मनांत असते, ती येथें नसते. लाज गेली हा फायदा. तिच्याबरोबर भीडहि जाते, आणि जपानी बोलण्याची निम्मी किल्ली भिडेंतच आहे.

परीक्षेचा शिक्का हाहि या बाबतींत पुरेसा भरंवसा देत नाहीं. १९८४ पासून चालत आलेल्या व २०१० पासून पांच पायऱ्यांत विभागलेल्या प्रसिद्ध जपानी भाषा परीक्षेंत शब्द, व्याकरण, वाचन व श्रवण यांची कसोटी लागते. तींत उत्तरें पर्यायांतून निवडावयाचीं असतात. बोलण्याची व स्वतः लिहिण्याची परीक्षा नसते. यंत्र ज्या एका बाजूची तयारी करून घेतें, तीच बाजू परीक्षाहि तपासते. आणि दोघांची साक्ष जुळल्यामुळें विद्यार्थ्याला वाटतें कीं आपली तयारी पुरी झाली.

याचें मोल कोणास द्यावें लागतें तें पाहा. जपानांत आज दर दहा माणसांपैकीं जवळजवळ तीन माणसें पासष्टीच्या पुढचीं आहेत. म्हणूनच शुश्रूषेच्या कामासाठीं बाहेरच्या तरुणांना तेथें बोलावणें येतें. आपल्याकडची एखादी मुलगी परीक्षा उत्तीर्ण होऊन तेथील वृद्धाश्रमांत रुजू झाली, असें समजा. सकाळीं तिनें एका आजींना विचारलें, कोठें दुखतें का? आजी म्हणाल्या, 'दाइजोबु.' शब्दाचा अर्थ 'ठीक आहे'. यंत्रानें शंभर वेळां घोकून घेतलेला. पण आमच्या वयाच्या माणसांना ठाऊक आहे कीं 'मला कांहीं झालेलें नाहीं, तूं आपलें काम कर' असें म्हणणाऱ्या म्हातारीला पुष्कळदां कांहीं तरी झालेलेंच असतें. तो शब्द लांबला का, तुटला का, तो उच्चारतांना नजर कोठें होती, हें जिला कळलें तिलाच त्या उत्तराचा अर्थ कळला. तिला तें न कळलें तर परीक्षेच्या गुणपत्रिकेवर डाग पडणार नाहीं. मात्र आजींचें दुखणें दिवसभर तसेंच राहील.

तेव्हां शिकणाऱ्यांनीं काय करावें? ज्याच्यापाशीं रोजचा एक तास आहे, त्यानें त्याचे तीन भाग करावे. पहिलीं वीस मिनिटें यंत्राला द्यावीं: आठ नवे शब्द आणि जुन्यांची उजळणी, एवढेंच. दुसरीं वीस मिनिटें वहीला व तोंडाला द्यावीं: कांजी हातानें लिहाव्या, धडा मोठ्यानें वाचावा, वाक्याखालीं शब्दशः मराठी मांडून दोन भाषा कोठें जुळतात व कोठें फारकत घेतात तें पाहावें. शेवटचीं वीस मिनिटें माणसासाठीं राखून ठेवावीं. जपानी माणूस सांपडला तर उत्तमच. न सांपडल्यास शिकणाऱ्या दोघांनीं जोडी जमवावी. एकानें दुकानदार व्हावें, दुसऱ्यानें गिऱ्हाईक. एकानें आजारी आजी, दुसऱ्यानें परिचारिका. आठवड्यांतून एकदां तरी जाणत्या शिक्षकाकडे जाऊन चुका काढून घ्याव्या. सर्व दिवसांची फी जमत नसेल तर चौघांनीं मिळून एका दिवसाची द्यावी.

आणि ज्या घरांत असा विद्यार्थी आहे, त्या घरच्या वडील मंडळींना एक विनंति. मुलगी मोबाइल घेऊन बसली आहे म्हणजे वेळ दवडते आहे असें समजूं नये. आणि तिची अखंड हजेरी शंभर दिवसांची झाली म्हणून जपानी आलें असेंहि समजूं नये. संध्याकाळीं तिला जवळ बसवून म्हणावें, आज शिकलेलीं चार वाक्यें आम्हांला म्हणून दाखव आणि त्यांचा अर्थ मराठींत सांग. आपल्याला जपानीचें अक्षर येत नसलें तरी चालेल. ती अडखळली कोठें, आणि अर्थ सांगतांना तिची नजर वहीकडे गेली कीं आपल्याकडे राहिली, एवढें कोणाहि वडीलधाऱ्याला दिसतें.